पालथा पेला

गेल्या जुलैतली गोष्ट आहे. संध्याकाळचे साडेसात वाजले असतील, पावसाने असा जोर धरला होता की समोरची बिल्डिंग दिसेना, आणि त्यात लाईट गेलेले. मोबाईलचा टॉर्च मसाल्याच्या डब्याला टेकवून मी कुकर लावत होते तेवढ्यात दारावर टकटक झाली. सेफ्टी डोअरच्या जाळीतून बघितलं तर एक डिलिव्हरीवाला मुलगा उभा, वीस-बावीस वर्षांचा असेल, रेनकोट असूनही आतपर्यंत भिजलेला, पाठीवर ती मोठी चौकोनी बॅग. पार्सल आमच्या वरच्या मजल्यावरचं होतं, तिथे कुणी दार उघडत नव्हतं आणि याच्या फोनची बॅटरी संपलेली, त्यामुळे कस्टमरला फोनही लावता येत नव्हता. आधी त्याने पाणी मागितलं. मग म्हणाला, ताई, फोन पाच मिनिटं चार्जिंगला लावता येईल का? मी म्हटलं, अरे लाईट नाहीत ना. ते खरंच होतं. पण माझ्या ऑफिसच्या पर्समध्ये पॉवरबँक होती, फुल चार्ज केलेली, आणि ती आहे हे मला बोलता बोलताच आठवलं होतं. मी दार अर्धवट उघडून त्याला पाणी दिलं, म्हटलं खाली वॉचमनकाकांच्या केबिनपाशी थांब, तिथे छप्पर आहे. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेले, जाताना सेफ्टी डोअरची कडी लावली. तो "बरं ताई" म्हणाला एवढं ऐकू आलं.

रात्री कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला दार उघडलं तर चपलांच्या स्टँडवर पेला होता. पालथा घातलेला. आपण घरात ठेवतो ना, आत धूळ बसू नये, झुरळ जाऊ नये म्हणून, तसा. फरशीवर ओल्या बुटांचे ठसे, दारापासून जिन्यापर्यंत, आणि एका जागी बरंच पाणी साचलेलं, म्हणजे तो तिथे थोडा वेळ उभा राहिला असणार. कुणीतरी त्याला घरी शिकवलं असेल, पाणी प्यायलं की भांडं पालथं घालावं. त्याची आई असेल, आजी असेल.

पेला उचलून आत आणला आणि तेव्हा लक्षात आलं, हा मावशींचा पेला आहे.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा चहाचा पेला ओट्याच्या टोकाला, खिडकीपाशी वेगळा असतो. कुणी तसा नियम केलेला नाही, निदान मी तरी केला नाही, पण आईच्या घरी तसा असायचा, सासरीही तसाच होता, आणि माझ्या घरात तो तिथे कधीपासून राहायला लागला ते मला आता आठवतही नाही. काठाला पोचा आलाय त्याच्या. मांडणीत बारा पेले होते, अगदी हाताशी. अंधारात, टॉर्च भलतीकडे वळलेला असताना, माझा हात ते बारा पेले ओलांडून बरोबर त्या कोपऱ्यात गेला. डोळ्यांना दिसत नव्हतं पण हाताला पाठ होतं. हे मला इतके महिने झाले तरी सोडत नाहीये. आणि त्या रात्री ओट्यापाशी तो पेला हातात धरून उभी असताना मला आठवली ती एक गोष्ट, कुठल्याच नकाशावर नसलेल्या एका बेटावरची, जी मी मनातल्या मनात माझी स्वतःची गोष्ट समजत आले होते.

ती मी पहिल्यांदा वाचली २०१९ मध्ये, आईच्या आजारपणात. आई अंथरुणाला खिळलेली, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवावं लागायचं, आणि रात्रीची पाळी माझी. खोलीत एअर बेडच्या पंपाची घरघर, डेटॉलचा, टाल्कम पावडरचा आणि मोसंबीच्या सालींचा मिळून एक वास, झिरोचा दिवा. दोन तासांत झोपायचं म्हटलं तर डोळा लागतोय न लागतोय तोच गजर व्हायचा, म्हणून मी वाचायला लागले. आणि कळलं की जे मी एरवी आवडीने वाचते ते मला झेपतच नाहीये. आपल्याकडच्या चांगल्या कथांमधून कुणाची तरी जमीन जाते, कुणी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये मरतं, आणि मी तर दुपारी त्याच पॅसेजमधून रिपोर्ट घेऊन आलेली असायचे. कादंबरीचा धागा राहायचा नाही. जाडजूड फॅण्टसी, ज्यात सैन्यं असतात, सिंहासनं असतात आणि घराण्यांच्या वंशावळी पाठ कराव्या लागतात, त्याला तर डोकंच नव्हतं. एका मैत्रिणीने मग तिचं किंडल हातात दिलं. त्यात अमेरिकन लेखिका अर्सुला ल ग्विनचं 'टेल्स फ्रॉम अर्थसी' होतं, २००१ साली आलेलं, पाच गोष्टींचं पुस्तक. म्हणाली, 'ऑन द हाय मार्श' वाच, काकूंना एकदा वळवून परत वळवायच्या आत संपेल.

संपली.

अर्थसी म्हणजे ल ग्विनचं कल्पित बेटांचं जग, त्यात सेमेल नावाचं बेट आहे. थंडीचे दिवस, तिन्हीसांजा, डोंगराकडून आलेला एक माणूस वाट चुकलाय आणि डोक्यातही काहीतरी विस्कटलंय त्याच्या, कुठून आलो ते त्याला धड सांगता येत नाही. लांब एका घरात दिवा दिसतो. दार उघडते ती एक विधवा बाई, गिफ्ट तिचं नाव, चीज करणारी, घरात दारुडा भाऊ. ती त्याला आत घेते, खायला घालते, विस्तवाजवळ जागा देते, गेलेल्या नवऱ्याचे बूट ठेवलेले असतात ते काढून देते. तो म्हणतो, मी गुरांना बरं करतो. त्या भागात गुरांवर साथ आलेली असते. तो जातो आणि माळावर गुरांमध्येच राहतो, एकेका जनावराला हात लावत. पुढे आपल्याला कळतं की हा साधा वैदू नाही, मोठ्या विद्येचा जादूगार आहे, त्या विद्येच्या जोरावर दुसऱ्यांना मुठीत धरायची हाव त्याला सुटली होती आणि त्या हावेपायी फार वाईट वागून तो पळून आलाय. त्याला शोधत सगळ्या जादूगारांचा मुख्य त्याच घरापाशी येतो. इथे आपण सरसावून बसतो, आता जुंपणार. आणि तो मुख्य माणूस त्या बाईच्या चुलीपाशी बसतो, तिने दिलेलं खातो आणि तिला घडलेलं सगळं सांगतो. ती ऐकून घेते. पण हा माणूस गुरांशी कसा वागतो ते तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं, आणि ते तिला पुरतं. शेवटी तो तिथेच राहतो, गुरांपाशी, तिच्या घरी.

वाचून मी रडले. मग गजर झाला, उठले, आईला वळवलं, पाठीला पावडर लावली. तिच्या खांद्याची हाडं हाताला लागत होती, कातडी इतकी पातळ झालेली की जोरात बोट लावायची भीती वाटायची. आणि मनात आलं की ज्या जगात ड्रॅगन आहेत, वादळं थोपवणारे मंत्र आहेत, त्या जगाची गोष्ट सांगायला बसलेल्या बाईला सगळ्यात सांगण्यासारखं वाटलं ते एका बाईने एका भुकेल्या माणसापुढे वाडगा ठेवला ते. त्या महिन्यांत येणारा-जाणारा प्रत्येक माणूस मला "स्वतःचीही काळजी घे गं" म्हणून जायचा, प्रेमानेच म्हणायचा. पण रात्री तीन वाजता मी जे करत होते ते सांगण्याजोगं आहे, त्याची गोष्ट होऊ शकते, हे मला फक्त त्या बेटाने सांगितलं. तेव्हापासून मी स्वतःला ती दार उघडणारी बाई समजत आले. म्हणून तर तो पेला इतका लागला.

ल ग्विनच्या त्या जगात एक रीत आहे. प्रत्येकाला दोन नावं असतात, एक वापरायचं आणि एक खरं. वापरायचं नाव कुठलंही असतं, पक्ष्याचं, झाडाचं, वस्तूचं, त्यावरून त्या माणसाचं काहीच कळत नाही. खरं नाव फक्त जिवाभावाच्या माणसाला सांगायचं, कारण ज्याच्याजवळ ते नाव गेलं त्याच्या हातात आपण गेलो. ही कल्पना जगभरच्या लोककथांत आहेच. पण ल ग्विनच्या घरात एक खरी गोष्टही होती आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. तिचे वडील आल्फ्रेड क्रोबर, मानववंशशास्त्रज्ञ. १९११ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावात एक माणूस एकटाच चालत आला, याही नावाच्या जमातीतला शेवटचा उरलेला, बाकी सगळे मारले गेले होते किंवा मेले होते. क्रोबरनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या म्युझियममध्ये आणलं, तिथेच तो १९१६ मध्ये क्षयाने गेला. त्याने आपलं नाव कुणालाही सांगितलं नाही, त्याच्या रीतीत स्वतःचं नाव स्वतः घेत नसत आणि त्याचं नाव घेणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. म्हणून क्रोबरनी त्याला इशी म्हटलं, त्याच्या भाषेत त्याचा अर्थ नुसता 'माणूस'. अर्सुला जन्मली १९२९ मध्ये, इशी जाऊन तेरा वर्षं झाल्यावर, पण तिच्या आईने, थिओडोरा क्रोबरने, १९६१ मध्ये इशीवर पुस्तक लिहिलं, आणि अर्थसीतल्या पहिल्या गोष्टी छापून आल्या १९६४ मध्ये, त्यातल्या एकीच्या शीर्षकातच नाव हा शब्द आहे. यावरून काही सिद्ध होत नाही हे मला मान्य आहे. पण कुणीही नसलेला एक माणूस चालत येतो आणि त्याला आत घ्यायचं की नाही हा प्रश्न त्या घरात जेवणाच्या टेबलावर असणार, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे नावाचं किती वेगळं आहे. आजी आजोबांचं नाव घ्यायची नाही, उखाण्यातच काय ते एकदा घेतलेलं, रेशनकार्डवर सांगायची वेळ आली तर मला पुढे करायची. तिथवर ठीक. पण आडनाव? कुणी नवीन माणूस भेटला की आपलं पहिलं वाक्य "आपण कुठले?" आणि दुसरं "म्हणजे अमुक अमुक यांचे कोण?", आणि हे विचारताना आपण काय विचारतोय ते दोघांनाही माहीत असतं. मराठी कथेत पात्राचं आडनाव आलं की पुढचं निम्मं आपण आपल्या मनाने भरून टाकतो, त्याचं घर, त्याचं ताट, त्याच्याकडे चहा घ्यायचा की नाही. मग त्या पात्राने कुणाला मदत केली की लगेच, का केली? कुणी कुणाला केली? वरच्याने खालच्याला केली की उपकार, उलटं झालं की भाबडेपणा. हे प्रश्न खोटे नाहीत, विचारायलाच हवेत. पण त्यात दया नावाची गोष्ट उघड्या डोळ्यांनी बघायची राहूनच जाते. अर्थसीत गिफ्ट कोण, तो माणूस कोण, हे मला आडनावावरून ओळखताच येत नाही. त्या बेटांवरचे बहुतेक लोक सावळे, तांबूस रंगाचे आहेत, लेखिकेने मुद्दाम तसे केलेत, २००४ मध्ये टीव्हीवाल्यांनी नायक गोरा करून टाकला तेव्हा ती जाहीरपणे रागावली होती. म्हणजे ते माझ्यासारखे दिसतात, आणि तरी त्यांना कुठल्या खान्यात टाकायचं ते माझ्या डोक्याला सापडत नाही. डोकं थोडा वेळ गप्प बसतं. आणि मग नुसता वाडगा दिसतो, बूट दिसतात.

यावर माझंच मन मला विचारतं, की जात काढून टाकल्यावर दयाळू होणं काय अवघड आहे? बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेतला माणूस रेल्वेत नोकरीला लागतो, राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवतो, आणि कळल्यावर मार खातो. १९६३ चं पुस्तक आहे ते. ल ग्विनच्या बेटांवर नाव न सांगणं हा सभ्यपणा आहे, सगळेच तसं करतात, आणि आपल्याकडे त्यालाच चोरी म्हटलं गेलं, तेही साधारण त्याच वर्षांत. दोन्ही पुस्तकं माझ्या एकाच कपाटात आहेत. मी जर फक्त बेटावरच रडत असेन तर ते रडणं कुठल्या कामाचं, हे मला त्या पेल्यानंतर फार वाटलं, अजूनही वाटतं. पण मग हेही वाटतं, की बागुल वाचून मला पटलं होतं, संताप आला होता, कॉलेजात मी त्यावर भाषणसुद्धा केलं होतं, आणि माझा हात त्या कोपऱ्यातच जात राहिला. हाताला कळायला कदाचित दोन्ही लागतं.

आमचं मूळ गाव साताऱ्याच्या बाजूला. लहानपणी श्रावणात तिथे असलो की सोमवारी आजी कहाणी वाचायची. आम्ही पोरं हातात अक्षता धरून बसायचो, मूठ घामेजायची, तांदूळ तळव्याला चिकटायचे, पण कहाणी संपेपर्यंत मूठ उघडायची नाही. खुलभर दुधाची कहाणी मला तेव्हाही सगळ्यात आवडायची. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचाय, दवंडी पिटते, सगळ्या गावाचं दूध देवळात, घरी थेंब ठेवायचा नाही. पोरंबाळं उपाशी, वासरं हंबरतायत. गाभारा काही भरत नाही. दुपारी एक म्हातारी घरातलं सगळं आवरते, मुलांना पाजते, लेकीसुनांना न्हाऊ घालते, वासरांना पोटभर देते, मग उरलेलं खुलभर दूध घेऊन येते आणि गाभारा भरून जातो. आजीचा आवाज "वासरांना" म्हणताना दर वेळी भरून यायचा. आज मला वाटतं की आटपाट नगर म्हणजे आपलं अर्थसीच की, नकाशावर नाही, राजाला नाव नाही, म्हातारीला आडनाव नाही. आपण ही जातकुळी फार आधीपासून ओळखतो, फक्त तिला व्रताच्या पुस्तकात ठेवून दिलं आणि मोठं झाल्यावर वाचायच्या यादीतून काढून टाकलं.

आणि हीच माझी आजी, ओसरीवर कुणी वाटसरू पाणी मागायला आला की एकदा त्याच्याकडे बघायची, दोन शब्द विचारायची, आणि त्यावरून ठरवायची, तांब्या-भांडं द्यायचं की वरून ओंजळीत ओतायचं. ओंजळीत ओततानाही प्रेमाने ओतायची हो, "सावकाश पी बाबा, ठसका लागेल" म्हणायची, गुळाचा खडा द्यायची. मी तिच्या लुगड्याला धरून उभी असायचे. वरून पडणारी ती पाण्याची धार, तो खाली वाकलेला माणूस, कोपरावरून ओघळणारं पाणी, मातीत पडणारे थेंब, सगळं मला आत्ताही दिसतं. तिला कहाणी खोटी वाटत नव्हती आणि ही रीतही खोटी वाटत नव्हती. तिला दुष्ट म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि दुष्ट नव्हती म्हणून सोडून द्यायलाही आता मन घेत नाही.

ल ग्विनचा एक निबंध आहे, १९८६ चा, गोष्ट म्हणजे काय याबद्दल. त्यात ती म्हणते की माणसाचं पहिलं हत्यार भाला नसावं, पहिलं असावं ते भांडं, झोळी, गाठोडं, वेचलेलं घरी आणायचं काहीतरी. पण शिकारीची गोष्ट रंगते, दाणे वेचण्याची रंगत नाही, म्हणून आपल्या सगळ्या गोष्टी भाल्यासारख्या झाल्या, सरळ, टोकदार, शेवटी कुणीतरी मरायला पाहिजे. तिला गोष्ट झोळीसारखी हवी होती. मला तो निबंध वाचताना वाटलं, हे आपल्या बायकांना कुणी सांगायला नको, ओटी म्हणजे काय, वाण म्हणजे काय, सूप, परडी, खुल. आणि आता वाटतं, पेलासुद्धा. भांड्यात काय धरून ठेवलंय ते भांड्याला विचारावं लागतं.

जीएंच्या, म्हणजे जी. ए. कुलकर्णींच्या, कथांचा विषय इथे येणारच, कारण मराठीत कल्पित भूमीवर चालणारा प्रवासी म्हटलं की 'रमलखुणा'च आठवतं. जीए मला प्रचंड वाटतात, आजही. पण आईच्या उशाशी मी ते वाचू शकले नसते. तिथे नियती आहे, आणि नियती तुमच्या पाठीला पावडर लावत नाही.

टॉल्किनची मात्र एक छोटी गोष्ट त्या दिवसांत वाचली, 'लीफ बाय निगल', जानेवारी १९४५ मध्ये एका मासिकात आलेली, महायुद्ध अजून चालू होतं तेव्हा. निगल म्हणून एक साधासा चित्रकार आहे, एका मोठ्या झाडाचं चित्र त्याला पूर्ण करायचंय आणि त्याला लवकरच लांबच्या प्रवासाला जावं लागणार आहे. शेजारी पॅरिश, पायाने अधू, घर गळतंय, बायको तापाने पडलीय. तो येऊन म्हणतो, डॉक्टरांना बोलावून आणतोस का? निगलला अजिबात जायचं नसतं. मनातून चडफडत तो सायकल काढतो आणि पावसात भिजत जातो, स्वतः आजारी पडतो, चित्र अपुरंच राहतं. पुढे त्याचा हिशेब होतो, अंधारात दोन आवाज त्याच्याविषयी बोलत असतात, तेव्हा पारडं झुकतं ते त्या पावसातल्या सायकलवर. पुढची गोष्ट मी सांगत नाही, ती वाचावी. पण गिफ्टपेक्षा मला आता निगल जवळचा वाटतो. गिफ्टचं मन मुळातच मोठं आहे. निगल कुरकुरतो, वेळेकडे बघतो, त्याला शेजारी आवडतही नाही, पण तो सायकल काढतो. माझी पॉवरबँक दहा पावलांवर होती.

या अशा गोष्टींना लोक कधी कधी गोडगोड म्हणतात. मला ते मान्य नाही. २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा गावाकडे माझ्या चुलतभावाच्या गाईला ती लागली. अंगभर सुपारीएवढ्या गाठी, पाय सुजलेले, तोंडाला लाळ, चारा बंद. गुरांचे बाजार बंद झालेले, शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचत होते, पण हिला लस मिळायच्या आधीच लागण झाली होती. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन जायचे, बाकी सगळं घरच्यांवर. दादा पाच रात्री गोठ्यात बसला. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने गाठी पुसायच्या, हळद लावायची, माश्या बसू नयेत म्हणून धूर करायचा, पातळ पेज करून हाताने तोंडात घालायची. मी फोनवर विचारलं, रात्रभर काय करतोस रे? म्हणाला, काय करणार, बोलतो तिच्याशी. गाय वाचली, शेजारच्या दोन गेल्या. ही गोष्ट गोड नाही, यात शेणामुताचा वास आहे, जखमांतल्या अळ्या आहेत, झोपेने तारवटलेले डोळे आहेत. 'ऑन द हाय मार्श'मध्येही तो माणूस माळावर राहून राहून थकून जातो, मोबदल्याची घासाघीस होते, दुसरा एक वैदू येऊन त्याचा पाणउतारा करतो. करुणा हे कष्टाचं काम आहे आणि ती गोष्ट ते काम तपशिलाने दाखवते. दादाने ती वाचली तर त्याला बेटाबद्दल काही विचारावं लागणार नाही, गुरांबद्दल मात्र तो विचारेल, नक्की कुठला रोग होता म्हणून.

आई २०१९ मध्येच दिवाळीनंतर गेली. किंडल मैत्रिणीला परत केलं, पुस्तक मग कागदाचं विकत घेतलं. गिफ्ट नवऱ्याचे बूट काढून देते त्या जागी मी पेन्सिलने बारीक रेघ मारून ठेवलीय. आईच्या चपला मी कुणाला देऊ शकले नाही, अजून माळ्यावर पिशवीत आहेत, कोल्हापुरी नव्हेत, त्या मऊ सोलच्या डॉक्टर चपला, अंगठ्याची जागा दबलेली. त्या रात्री पेला उचलून आणल्यावर मी दिवाणखान्यात मेणबत्ती लावून ती गोष्ट परत वाचली, सहा वर्षांनी. या वेळी मी सारखी बाहेरून वाचत होते. अंधारात चालत येऊन, लांबून दिवा बघून, दार वाजवणाऱ्याच्या बाजूने. आत कोण असेल, दार किती उघडेल, कुठलं भांडं हातात येईल.

वरच्या मजल्यावरच्यांना मी नंतर विचारलं नाही. त्यांच्या फोनमध्ये त्या मुलाचं नाव असणार, ऑर्डरखाली दिसतं ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या. सहा वर्षं येतायत, नाव मला माहीत आहे पण मी त्यांना नावाने कधी हाक मारलेली नाही. तो पेला मी घासून मांडणीत बाकीच्या पेल्यांत ठेवला होता. त्यांनी चहा गाळला, न बघताच हात कोपऱ्यात गेला, तिथे काही नव्हतं. "ताई, माझा पेला?" म्हटलं, घ्या ना मावशी, कुठलाही घ्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मांडणीकडे, आणि एकेक पेला फिरवून बघत पोचा आलेला तो शोधून काढला. "हाच बरा पडतो मला, सवय झालीय," म्हणाल्या. मी दुसरा एक पेला काढला, त्यात माझा चहा ओतला आणि त्यांच्या शेजारी ओट्याला टेकून उभी राहिले, एरवी मी माझा कप घेऊन बाहेर सोफ्यावर जाते. खिडकीवर पाऊस वाजत होता. रात्री कुणी आलं होतं का ताई, जिन्यात सगळं पाणीच पाणी आहे, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, एक मुलगा आला होता, भिजलेला. मग पॉवरबँकचंही सांगितलं, पेल्याचंही सांगायचं होतं, ते ओठांवर येऊन राहिलं. त्यांनी ऐकून घेतलं, एवढंच म्हणाल्या, "लय पाऊस होता काल, माझा पोरगा पण अकराला आला." चहा संपल्यावर त्यांनी दोन्ही पेले विसळले. माझा मांडणीत ठेवला. त्यांचा खिडकीपाशी, कोपऱ्यात, पालथा.